गंगापूर रस्त्याची अक्षयनीवी

(नाशिकच्या गंगापूर रस्ता परिसरातील नागरिकांसमोर एका ज्येष्ठ पत्रकाराने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



'आपले उपनगर : इतिहास आणि स्वभाव' हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा माझ्या एका स्नेह्याने मोठ्या आश्चर्याने विचारले, "पंचवटीवर बोलायला सांगितले असते तर समजलो असतो. गंगापूर रोडला कसला आला आहे इतिहास? तिथे फक्त चौरस फुटाचा दर असतो." आपल्यापैकी अनेकांचीही प्रामाणिक समजूत अशीच असावी. इतिहास म्हणजे रामकुंड, काळाराम, तिळभांडेश्वराची गल्ली, सराफ बाजार. अशोक स्तंभ ओलांडून पश्चिमेकडे निघालो की इतिहास संपतो आणि वाहनतळ सुरू होतो. कॉलेज रोड, शरणपूर रोड, पंडित कॉलनी, महात्मानगर, सावरकरनगर, आनंदवल्ली आणि पुढे गंगापूर गावापर्यंतचा हा पट्टा आज नाशिकचा सर्वांत संपन्न भाग मानला जातो. इथे राहणारा माणूस पाहुण्याला मोठ्या हौसेने पंचवटी दाखवायला नेतो. मात्र स्वतःच्या दारासमोरच्या रस्त्याविषयी त्याला दोन वाक्ये सांगता येत नाहीत.

मी कलाशाखेचा पदवीधर. बांधकामाच्या दरांवर मला बोलता येणार नाही. पण या रस्त्यावर संपत्ती आली कशी, आणि आल्यावर तिने काय केले, याची गोष्ट मला सांगता येईल. ती फार जुनी आहे.

गोवर्धनचे व्याज

गंगापूरच्या पुढे गेले की गोवर्धन नावाचे गाव लागते. फार्महाऊसच्या जाहिरातींमुळे हे नाव आपल्याला परिचित झाले आहे. पण सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, नाशिकपेक्षा गोवर्धन हेच नाव राज्यकारभारात अधिक वजनदार होते. पांडवलेण्यांतील शिलालेखांत ते पुनःपुन्हा येते. गौतमीपुत्र सातकर्णीने आपली आज्ञा पाठवली ती गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला. म्हणजे कारभाराचे ठाणे तिथे होते. आणि ज्यांच्या हाती पैसा होता त्या व्यावसायिक श्रेणीही तिथेच होत्या.

त्रिरश्मी डोंगरातील चोवीस लेण्यांपैकी दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरविले. हा गृहस्थ वंशाने शक. बाहेरून आलेला, जेत्यांच्या घरचा. पण या भूमीचा संस्कार असा की त्याने प्रभासक्षेत्री दाने दिली, ब्राह्मणांना गायी दिल्या, भिक्षूंसाठी लेणे खोदले, भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे पांथस्थांसाठी निवारे बांधले, तापीसारख्या नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या. हे सगळे त्याने दगडात नोंदवून ठेवले आहे. परंतु मला त्यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक रुक्ष आर्थिक तपशील.

उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, ही अट. अशा ठेवीला लेखात 'अक्षयनीवी' म्हटले आहे. आता गणित पाहा. दोन हजारांवर महिना शेकडा एक, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कार्षापण उरत नाही आणि एक कमी पडत नाही. हा व्यवहार निगमसभेत जाहीर वाचून दाखवला गेला आणि रीतीप्रमाणे दप्तरात फलकावर नोंदवला गेला. (आज बारा टक्के व्याज कोणतीही सुज्ञ बँक देणार नाही, आणि देऊ करील तिच्यापासून आपण दूर राहावे, हे जाता जाता.)

याच लेण्यात आणखी एक नोंद आहे. भिक्षूंच्या अन्नासाठी उषवदाताने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून एक शेत चार हजार कार्षापणांना विकत घेतले. शेत विकणाऱ्याच्या वडिलांच्या मालकीचे होते, आणि ते नगराच्या सीमेवर वायव्य दिशेला होते, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. विक्रेत्याचे नाव, पूर्वीची मालकी, चतुःसीमेतील दिशा, किंमत, खरेदीचा हेतू. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातला आजचा दस्त याहून वेगळे काय सांगतो? आजही नाशिकचा माणूस जमीन घ्यायची म्हटली की पश्चिमेकडे आणि वायव्येकडेच पाहतो. फरक एवढाच की शेवटचा रकाना, खरेदीच्या हेतूचा, आपण आता 'गुंतवणूक' या एका शब्दात भरतो.

दोन स्त्रिया, एक रस्ता

मधली अनेक शतके मी ओलांडतो. मोगल अमदानीत या शहराला गुलशनाबाद म्हणत, ती सत्ता गेली आणि पेशवाईत नाशिकला पुन्हा बहर आला. घाट बांधले गेले, वाडे उठले, सरदार ओढेकरांनी काळारामाचे भव्य मंदिर उभारले. पेशवे घराण्याचा या क्षेत्राशी असलेला लोभ गावापुरता राहिला नाही, तो आपल्या रस्त्यावरही आला.

आज जिथे आनंदवल्ली आहे तिथे रघुनाथराव दादासाहेबांचे निवासस्थान होते. पत्नी आनंदीबाई यांच्या नावावरून गावाला हे नाव मिळाले, असे परंपरा सांगते. नवश्या गणपतीच्या दर्शनाला आपण जातो, त्या स्थानाशीही लोकश्रद्धेने याच दांपत्याचे नाव जोडले आहे. आणि तिथून थोडे पुढे, गंगापुरात, नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांनी आपल्या आयुष्याचा उत्तरकाळ काढला. पानिपतावर ज्येष्ठ पुत्र विश्वासराव गेला, पुढे थेऊरला माधवराव गेले, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. तिन्ही पुत्र गमावलेली ही माता १७८८ मध्ये नाशिकलाच निवर्तली. ज्यांच्या नावावर 'ध' चा 'मा' केल्याचा आळ इतिहासाने कायमचा चिकटवला, त्या आनंदीबाईंचे निधनही पुढे १७९४ मध्ये आनंदवल्लीत झाले.

एकाच रस्त्यावरची ही दोन गावे. मोटारीने पाच-दहा मिनिटांचे अंतर. इतके दुःख, इतके वैर आणि इतका पश्चात्ताप (असला तर!) या काठाने पाहिला आहे. आज त्या परिसरात संध्याकाळी मिसळ आणि कॉफी यांच्यासाठी रांगा लागतात. लागू द्या, त्यात काही वावगे नाही. परंतु आनंदवल्लीच्या बसथांब्यावर या इतिहासाचा एखादा साधा फलक असायला काय हरकत होती?

गावाबाहेर राहायला कोण आले?

इंग्रजी अमलात गावाबाहेरची वस्ती आकार घेऊ लागली. रेल्वे गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूरवरून गेली, म्हणून १८८९ मध्ये नाशिकरोड स्थानकापासून मेनरोडपर्यंत घोड्यांची ट्राम धावू लागली. गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले, कचेऱ्या आणि गोल्फचे मैदान गावाच्या बाहेर पडले. चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेले शरणपूर हेही त्याच काळातले. तिथे अरबी समुद्रातल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले आणून ठेवली जात आणि त्यांना ख्रिस्ती शिक्षण दिले जाई. त्यांतलाच जेकब वेनराइट हा तरुण पुढे डॉ. लिव्हिंगस्टनचा मृतदेह आफ्रिकेतून परत नेणाऱ्यांत होता आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधील अंत्यविधीला उपस्थित होता. शरणपूर रोडवर दागिन्यांची खरेदी करणाऱ्यांना हे सांगितले तर ते अविश्वासाने पाहतात. मिशनऱ्यांच्या हेतूंविषयी आपली मते सर्वश्रुत आहेत, ती इथे पुन्हा मांडत नाही. पण गुलामीतून सुटलेले एक पोर आपल्या गावात वाढले आणि जगाच्या इतिहासात गेले, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

गोल्फच्या मैदानाचे पुढे काय झाले, हे मात्र आपण रोज पाहतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कर्वे आणि देशपांडे यांच्यासह त्यांना फाशी झाली. वय अवघे अठरा. साहेबांच्या गोल्फ क्लबचे ते मैदान आज हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. तिथल्या जॉगिंग ट्रॅकवर रोज पहाटे आपल्या परिसरातील शेकडो मंडळी चालतात. मी त्यांतील काहींना विचारून पाहिले आहे. बहुतेकांनी 'गोल्फ क्लब'वर चालतो असे सांगितले.

प्लेगच्या साथींनी लोकांना गाव सोडून मोकळ्या रानात झोपड्या बांधून राहायला शिकवले. वाड्यातल्या दाटीपेक्षा मोकळी हवा बरी, हा धडा तिथला. पण आपल्या उपनगराचा पाया भीतीवर किंवा हवेवर घातला गेला नाही. तो शिक्षणसंस्थांवर घातला गेला. या मुद्द्यावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते सगळी कथा इथे आहे.

१९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, भाऊसाहेब हिरे, काकासाहेब वाघ अशा मंडळींनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवण्याचा ध्यास घेतला. उदाजी महाराज मराठा विद्यार्थी वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला १९२० साली छत्रपती शाहू महाराजांच्या हस्ते बसली. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडची पोरे शिदोरी घेऊन येत आणि इथे राहून शिकत. गंगापूर रोडवर आज सर्वांत मोठा पसारा कुणाचा असेल तर तो याच संस्थेचा. केटीएचएम महाविद्यालयाच्या नावातली आद्याक्षरे कर्मवीर थोरात, हिरे आणि मुरकुटे यांची आहेत, हे तिथे शिकलेल्या किती जणांना सांगता येईल?

दुसरी संस्था गोखले एज्युकेशन सोसायटी. प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी १९१८ मध्ये ती स्थापन केली आणि १९२४ मध्ये नाशिकला महाविद्यालय काढले. मुंबईच्या ठाकरसी घराण्यातील हंसराज प्रागजी ठाकरसी यांचे नाव त्याला दिले गेले. तेच आपले एचपीटी. 'कॉलेज रोड' या नावातले कॉलेज ते हेच. कुसुमाग्रज तिथे शिकले, वसंत कानेटकरांनी तिथे शिकवले. १९५७ मध्ये वाणिज्य महाविद्यालय आले ते सिन्नरच्या भिकुसा यमासा क्षत्रिय यांच्या नावाने. हे घराणे विडीच्या व्यवसायातले. म्हणजे पाहा, विडीच्या धंद्यातला पैसा वाणिज्य महाविद्यालयाच्या भिंतींत चिणला गेला! कापडगिरण्यांतला पैसा कलाशाखेच्या वर्गांत गेला. गोवर्धनच्या विणकरांची आठवण मला इथे येते.

तिसरी संस्था धर्मवीर डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांची. डॉक्टरांनी १९३५ मध्ये सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९३७ मध्ये भोसला सैनिकी शाळा सुरू झाली. नेत्रवैद्य म्हणून नागपुरात नाव मिळवलेला हा माणूस उतारवयात देशभर निधीसाठी हिंडला, रामभूमीची ती विस्तीर्ण जागा उभी केली आणि १९४८ मध्ये नाशिकलाच देह ठेवला. आज या परिसरात जी थोडी सलग झाडी उरली आहे, तिच्यात रामभूमीचा वाटा मोठा आहे.

तीन संस्था, तीन वेगळ्या विचारधारा. शेतकरी समाजातून उभी राहिलेली एक, नामदार गोखल्यांचे नाव घेतलेली दुसरी, हिंदुत्वनिष्ठ तिसरी. एकमेकांशी त्यांचे फारसे पटले असते असे नाही. पण तिघींनी गावाबाहेरचे माळरान निवडले, आणि तिघींच्या पाठीमागे कुणाची तरी ठेव होती. मग प्राध्यापक आले, वकील आले, डॉक्टर आले. टिळकवाडी, पंडित कॉलनी येथे बंगले उठले. आधी वसतिगृहे आणि महाविद्यालये, नंतर त्यांच्या आधाराने वस्ती, असा आपला क्रम आहे. बिल्डर या कथेत फार उशिरा येतो.

धरण, कारखाने आणि सातबारा

तो कसा आला हेही सांगितले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर गोदावरीवर गंगापूर धरण झाले आणि शहराला हक्काचे पाणी मिळाले. नाशिकरोडला नोटा आणि मुद्रांक छापणारी मुद्रणालये विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून होतीच. १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला, मग सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती आल्या. 'मायको' कंपनीचे नाव बदलून 'बॉश' झाले तरी मायको सर्कल हे नाव नाशिककरांच्या जिभेवरून गेले नाही. या कारखान्यांतील अभियंत्यांनी महात्मानगर, इंदिरानगर भरवले. कामगारांसाठी 'सिडको'ने सहा योजनांतून नवीन नाशिक वसवले. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली या नगरपालिकांबरोबर भोवतालची गावेही एका रेषेत ओढली गेली. आनंदवल्ली, गंगापूर, मखमलाबाद ही गावे शहराचे प्रभाग झाली.

गाव प्रभाग झाले की सातबाऱ्यावरचे पीक बदलते. आधी ऊस, भाजीपाला, पेरू, मग द्राक्षे, मग 'बिनशेती'. एकेका पिढीत एकेक पीक. ज्यांनी जमिनी विकल्या, त्यांतील काहींनी पैसा राखला, काहींनी दुसरीकडे शेती घेतली, आणि काहींची मुले आज त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या संकुलाच्या फाटकावर वहीत येणाऱ्यांची नावे लिहितात. त्या नोंदवहीवर सही करताना मी नेहमी समोरच्याला गाव विचारतो. आपणही विचारून पाहा.

आणि मग मुंबई आली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला रोज ये-जा करणारा एक वर्ग निर्माण केला. या वर्गाचा मला मनापासून अभिमान आहे. त्यांनी आपल्या डब्यात स्वतःहून शिस्त लावली, पत्ते आणि गोंगाट हद्दपार केला, स्वच्छता राखली आणि 'आदर्श डबा' म्हणून तो नावारूपाला आणला. सरकारने परिपत्रक काढले नव्हते, दंड ठेवला नव्हता. रेल्वेच्या डब्यात सर्वसामान्य मध्यमवर्गीय माणसे हे करू शकली. म्हणजे क्षमता आपल्यात आहे.

स्वभाव

आता ज्याविषयी बोलायला मला थोडा संकोच वाटतो, त्या स्वभावाकडे येतो.

जुन्या नाशिकच्या गल्ल्या धंद्यांच्या आणि घराण्यांच्या नावांनी ओळखल्या जातात. तांबट आळी, हुंडीवाला लेन, गायधनी लेन, घनकर लेन. त्या रचनेत आपुलकी होती आणि भिंतीही होत्या. त्या भिंती किती उंच होत्या हे २ मार्च १९३० रोजी दिसले. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला, आणि रामाच्या गावात रामाचे दार आपल्याच बांधवांना उघडले नाही. तरुण कुसुमाग्रज त्या सत्याग्रहात होते ही नाशिकची अब्रू, आणि दार बंद राहिले हा नाशिकचा कलंक. १९३५ मध्ये जवळच्याच येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, ती या बंद दाराच्या पार्श्वभूमीवर. हिंदू समाजाच्या एकतेविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने हे दार आठवले पाहिजे.

आपल्या उपनगरात अशी दारे नाहीत, असे आपण समाधानाने म्हणतो. इमारतीत कोण कुठल्या जातीचा हे कुणी विचारत नाही, हे बऱ्याच अंशी खरेही आहे. सदनिकेचा दर परवडला की झाले. पण दर ही नवी भिंत झाली. घरकाम करणाऱ्या ताईंसाठी वेगळी लिफ्ट, वाहनचालकाला बसायला जागा नाही, शेजारच्या वस्तीतली मुले बागेत आली तर रखवालदाराला दूरध्वनी. वाड्यातल्या सोवळ्याला आपण हसतो. हे काय आहे? याला सोवळे म्हणत नाहीत, 'सिक्युरिटी' म्हणतात.

जुन्या गावाने उघड्यावर, सर्वांसाठी, कितीतरी निर्माण केले. सार्वजनिक वाचनालय १८४० चे, महाराष्ट्रातील सर्वांत जुन्यांपैकी एक. वसंत व्याख्यानमाला गोदाघाटावर भरते, तिथे तिकीट नाही आणि फाटकही नाही, जाणारा-येणारा भाविक दोन मिनिटे थांबून ऐकतो. आपल्या संकुलांत क्लब हाऊस आहे, पोहण्याचा तलाव आहे, पण त्यांचा उपयोग फाटकाच्या आत संपतो. अपवाद आहेत. शंकराचार्य न्यासाचे काम आहे. श्रीगुरुजी रुग्णालय आहे, तिथे डॉक्टर मंडळी सेवाभावाने उभी राहिली. गोवर्धन शिवारात १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. प्रा. राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या विद्यापीठाने शाळा अर्धवट सुटलेल्या गृहिणींना, कामगारांना, पोलीस शिपायांना पदवीपर्यंत नेले. विणकरांच्या गोवर्धनात ज्ञानाची अशी पेठ उभी राहावी हे विलक्षण आहे. परंतु या सगळ्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या रस्त्यावर आलेल्या अफाट पैशाचा वाटा किती, हे आपापल्या मनाशी तपासावे.

आणि नदी. उपनगराची सारी प्रतिष्ठा नदीच्या दृश्यावर उभी आहे. 'रिव्हर' हा शब्द नसलेली जाहिरात सापडणे कठीण. पण सप्टेंबर २००८ च्या महापुरात नदीने आपली जागा परत मागितली आणि काठच्या वसाहतींत शिरली. तेव्हा कुठे निळी आणि लाल पूररेषा हे शब्द घराघरांत पोहोचले. २ ऑगस्ट २०१६ रोजी तिने पुन्हा तेच केले. जुना नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहून पूर मोजतो. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, डोक्यावरून. आपण पूररेषेचा नकाशा वकिलाकडून तपासून घेतो, तोही बांधकाम किती पुढे सरकवता येईल हे पाहायला. वरच्या अंगाला असलेल्या आपल्या वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांतून त्याच पात्रात येते, आणि खाली रामकुंडात देशभरातून आलेला भाविक तेच पाणी मस्तकी लावतो. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. गंगेला माता म्हणणाऱ्या समाजाला न्यायालयात जावे लागावे? २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट यांची चर्चा चालू आहे. आपल्या इमारतीचे मलजल कुठे जाते, हा प्रश्न मात्र कुठल्याही सोसायटीच्या बैठकीत विचारलेला मी ऐकलेला नाही.

पाणी मराठवाड्यासाठी सोडायची वेळ आली की आपण रस्त्यावर उतरतो. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आले, त्यावर मतभेद असू शकतात, आहेतही. पण आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ आणि सुरगाणा आहेत. पावसाळ्यात तिथे धो धो कोसळते, पाणी दमणगंगा आणि पार या नद्यांतून समुद्राकडे निघून जाते, आणि उन्हाळ्यात तिथल्या आया-बहिणी हंडे घेऊन डोंगर उतरतात. तीच माणसे आपल्या द्राक्षबागांच्या छाटणीला येतात, आपल्या इमारतींच्या स्लॅबवर घमेली वाहतात. वनवासी बांधव म्हणून आपण व्यासपीठावरून त्यांचा गौरव करतो. आपल्या घरापासून दोन तासांवर त्यांचे घर आहे.

म्हणून मी एक साधा हिशेब मांडतो, उषवदाताच्या पद्धतीने. शंभर सदनिकांचे संकुल धरा. प्रत्येक घराने एकदाच पाच हजार रुपये दिले. कुटुंबाने दोनदा बाहेर जेवायचे टाळले तर इतके निघतात. पाच लाख झाले. मुद्दल कधीही काढायचे नाही. व्याज सहा टक्के धरले तर वर्षाला तीस हजार. पेठ किंवा सुरगाण्याहून शिकायला आलेल्या एका मुलीच्या पुस्तकांचा, प्रवासाचा आणि वसतिगृहाचा बराचसा भार त्यात उचलला जाईल. दुसऱ्या वर्षी पुन्हा तीस हजार, तिसऱ्या वर्षी पुन्हा. ती मुलगी पदवीधर होऊन बाहेर पडली की दुसरी. संकुलातले रहिवासी बदलतील, सदनिका विकल्या जातील, ठेव राहील. या रस्त्यावर अशी किती संकुले आहेत, ते आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रंगरंगोटीचा विषय संपल्यावर हा विषय घेता येईल. कायदेशीर बाजू सनदी लेखापाल मंडळींनी सांगावी, समोर तिघे-चौघे बसलेले मला दिसत आहेत. कदाचित स्वतंत्र न्यास करावा लागेल. निगमसभेत जाहीर करायचे आणि फलकावर लिहायचे, हे मात्र चुकवू नये. संकुलाच्या प्रवेशद्वारावर बिल्डरचे नाव सोनेरी अक्षरांत असते, त्याच्या शेजारी जागा असतेच.

मूळ लेख ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पांडवलेण्यांवर उन्हे चढण्यापूर्वी जावे. पायऱ्या बऱ्याच आहेत, ज्येष्ठांनी सावकाश चढावे. लेणे क्रमांक दहा, ओवरीच्या भिंती. लिपी ब्राह्मी आहे, वाचता येणार नाही. पण जाणकार कुणी बरोबर असेल तर ठेवीचे आकडे बोट ठेवून दाखवता येतात.